सपाट रेघ

सोमवार, ४ मार्च
साखरपुडा मोडला त्याला आठवडा झाला. काही वाटत नाही. ताईला फोनवर तेच सांगितलं. तिचं म्हणणं, रविवारी आई मला घरी न्यायला येणार. शेवटी असं ठरलं: शुक्रवारी लॅबमधल्या सरांना माझ्या प्रयोगाचा रिझल्ट पटला तर मी इथेच राहणार, आईचं तिकीट रद्द.
संकल्प: रडणं नाही. काम.

मंगळवार, ५ मार्च
मिरचीतलं कॅप्सेसिन उंदराच्या मूत्राशयात सोडलं. आधी आग होते, मग तिथल्या नसा बधिर. मूत्राशय भरलं तरी उंदराला कळू नये, ही अपेक्षा. बेशुद्ध उंदीर, नळीतून हळूहळू सलाईन, स्क्रीनवर दाबाची रेघ, लघवीची कळ आली की वर उसळणारी. रेघ सपाट. पहिल्याच फटक्यात. फार सुंदर दिसते.

बुधवार, ६ मार्च
दुसऱ्या उंदराचीही सपाट. खालचा टिपकागद मात्र ओला. सलाईन सांडलं असणार. माझाच धक्का लागला असेल. कॉफी कमी करायची.
त्याचा मेसेज: पुस्तकं कधी नेऊ? उत्तर दिलं: कधीही. पूर्णविरामासकट.

गुरुवार, ७ मार्च
तुलनेसाठी औषध न दिलेला उंदीर घेतला. त्याचीही रेघ सपाट. बराच विचार केला. हा मुळातच समंजस असावा. वगळला.
ताईला म्हटलं, तिकीट रद्द करून टाक. ती म्हणाली, उद्या बघू. संशयी स्वभाव.
दुपारी हातमोजा डोळ्याला लागला. तासभर पाणी. कॅप्सेसिनची बाटली कालपासून फ्रिजमध्ये आहे, आज उघडलेली नाही, हातमोजे नवे. पण अंश राहतात.

शुक्रवार, ८ मार्च
उंदीर टेबलावर, रेघ सपाट, मी तयार. सरांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. टिपकागद उचलून म्हणाले, "हा मुतलाय." मग दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणाऱ्या नळीवरचा तोटीसारखा कॉक बोटाने फिरवला. तो पहिल्या दिवसापासून बंद होता. रेघ तडक वर उसळली.
"उंदीर शांत नव्हता. तुझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं," सर म्हणाले. सगळं पुन्हा करायचं. त्याआधी सुट्टी घ्यायची.

६.४० संध्याकाळ
ताईला कळवलं, रिझल्ट नाही. ती म्हणाली, "उंदरांचं राहू दे गं. तू कशी आहेस?"
"ठीक" म्हणायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते रडू. ताईने फोन ठेवला नाही.
मग आईची गाडी किती वाजता पोचते, ते विचारून घेतलं.