पाडसापुढे मौन

मेहकर,
२४ फेब्रुवारी

प्रिय अनुपमा,

पत्राची सुरुवात तक्रारीने करणं शिष्टसंमत नाही, पण अन्याय असह्य झाला आहे. तू स्कॉटलंडहून माझ्यासाठी पाठवलेली लोकरीची टोपी तुझ्या आईने दह्याच्या भांड्याला घातली. थंडीत विरजण लागत नाही म्हणे. दोन महिने मी उघड्या डोक्याने शाळेत जातोय आणि दही टोपी घालून ओट्यावर बसतंय. या प्रकाराचा मी लेखी निषेध नोंदवतो. दही मात्र कवडीसारखं लागतं, हेही नोंदवायला हवं.

दर रविवारी फोन करणारा बाप अचानक पत्र कसं लिहायला बसला, असं तुला वाटलं असेल. कारण सांगतो, पण क्रमाने. आधी पाडसाची हकीकत. ती मी तुला फोनवर अर्धीच सांगितली होती, ज्या अर्ध्यात मी शहाणा दिसतो तेवढी.

ऑक्टोबरात डोणगाव रस्त्यावरच्या आपल्या शेताशेजारी रंगराव सोयाबीन सोंगत होता. ओळीत त्याला काळविटाचं पाडस दिसलं, मान जमिनीला टेकवून गप पडलेलं. "सर, याची माय मेली असन, येकटंच पडेल होतं," म्हणून त्याने ते घरी नेलं. पोरांनी गळ्यात काळा दोरा आणि घुंगरू बांधलं, कपाळाला कुंकू लावलं. माय मेली नव्हती, चरायला गेली होती. तुमच्या सील वाचवणाऱ्या केंद्रातही लोक वाळूवर एकटं दिसलेलं पिल्लू उचलून आणतात आणि आई समुद्रात मासे पकडत असते, हे तूच सांगितलं होतंस. मला कळलं तेव्हा तीन दिवस उलटले होते. पाडस त्याच जागी ठेवून आम्ही दूर बांधाआड बसलो. आई काही फिरकली नाही.

वनखात्याचे कुलदीप येऊन पाहून गेले. म्हणाले, दूरच्या प्रवासात हे जगणार नाही, आमच्या देखरेखीखाली तुमच्या गोठ्यातच वाढवा आणि वेळ आली की कळपाजवळ सोडू. मी हो म्हणालो, ते तुझ्या जिवावर. वादळात आईपासून तुटून किनाऱ्याला लागलेली पिल्लं तुम्ही कशी जगवता ते वर्षभर ऐकत होतो. आधी नळीने माशांचं पातळ कालवण, मग हाताने मासा, मग पाण्यात टाकलेला मासा इतरांशी झटापट करून त्यानेच मिळवायचा, आणि वजन भरलं की समुद्र. लाड नाहीत, नाव नाही, बोलणं नाही. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. मासा खोडला, शेजारच्या सत्यभामाबाईंच्या शेळीचं दूध लिहिलं. रोज पहाटे पाडसाला पोत्यात घालून ताणकाट्याला लटकवायचो. घुंगरू सोडलं. नाव ठेवलं नाही. रंगरावच्या पोरांना गोठ्याजवळ फिरकू दिलं नाही. तीन महिन्यांत ते चरायला लागलं, उड्या मारायला लागलं, आणि मी शाळेत सहकाऱ्यांसमोर तज्ज्ञासारखा बोलायला लागलो.

जानेवारीत संक्रांत झाल्यावर आम्ही त्याला डोणगावच्या माळावर नेलं. कळप समोर होता. पाडस गाडीतून बाहेर आलं, कान टवकारले, आणि तुरुतुरु चाळीस पावलं गेलंसुद्धा. मग थांबलं, वळलं, आणि धावत येऊन माझ्या धोतराला नाक घासू लागलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. कुलदीप म्हणाले, "सर, तुम्ही त्याला हाक मारताय." मी म्हणालो, मी चकार शब्द काढलेला नाही. तेव्हा मागे उभ्या सत्यभामाबाई म्हणाल्या, "मास्तर, काऊन खोटं बोलता? रोज त्याले दूध पाजून राह्यले का दहावीचा तास घेऊन राह्यले, तेच मले समजत नाही."

झालं होतं असं, की हात कामात असले की माझं तोंड आपोआप संस्कृतचे शब्द चालवतं. देवः देवौ देवाः. तुला झोळीत झोपवताना हेच, दाढी करताना हेच. मी याला बोलणं धरतच नव्हतो. तीन महिने बाटली तोंडात आणि देव शब्द कानात, असं त्या पाडसाचं बालपण गेलं. माळावर ते दूर जाताना माझे ओठ हलले. त्याला वाटलं, दूध आलं.

तुझ्या त्या सीलची आठवण झाली, ज्याला नाववाल्यांनी मासे टाकून टाकून सवय लावली होती. इंजिनाचा आवाज आला की पोहत यायचा, आणि शेवटी नावेच्या पंख्यात सापडला. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. हे पाडसही असंच कुणीतरी काहीतरी पुटपुटलं की जवळ जाणार, आणि पुटपुटणारा प्रत्येक माणूस शेळीचं दूध घेऊन आलेला नसतो. गावात कुत्री आहेत, आणि कुत्र्यांपेक्षा वाईटही आहेत.

पाडस परत गोठ्यात आणलं आणि मी ठरवलं. गोठ्यात पाय टाकला की मौन. पहिले आठ दिवस तोंडात सुपारी धरून काढले. पुढे दूध तोडलं, पाला कुंपणाबाहेरून टाकायला लागलो, तोही दिसू न देता. पाडस कुंपणाशी येऊन उभं राहायचं, कान माझ्या दिशेने. मी बाभळीआड बसून राहायचो. ते तीन-तीन तास वाट पाहायचं, अनुपमा. घरी येऊनही मी गप्पच असायचो, तेव्हा तुझी आई म्हणाली, "पंचवीस वर्षांत मले जमलं नाही ते या पाडसानं करून दाखवलं." चार आठवड्यांनी ते कुंपणाशी यायचं थांबलं. त्या दिवशी मी जिंकलो, आणि शाळेला रजा टाकली.

काल पुन्हा माळावर नेलं. मी गाडीतच बसलो, काचा वर. ते कळपाकडे चाललं. मध्यावर थांबून एकदा वळून पाहिलं. मी ओठ दाताखाली धरले. एक म्हातारी मादी पुढे आली, तिने हुंगलं, ढुशी मारून बाजूला केलं. ते पडलं, उठलं, आणि तिच्याच मागे गेलं. आज सकाळी कुलदीपना कळपात दिसलं. रंगरावने विचारलं, "सर, आता कसं वाटून राह्यलं?" मी त्याला चहा पाजला.

आता पत्राचं कारण. मागच्या रविवारी तू सांगितलंस की केंद्र तुला पाच वर्षांसाठी ठेवून घेतंय, मार्चअखेरीस कळवायचंय. मी म्हणालो, तुझी मर्जी. मग नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का. तू म्हणालीस, बाबा, मी परतच येते. काल गाडीत बसल्यावर ते आठवलं. म्हणून मार्चअखेरपर्यंत मी फोन करणार नाही, तूही करू नकोस. आधी केंद्राला उत्तर दे, मग मला. तुला खरंच यायचं असेल तर ये, टोपी दह्यावरून काढून ठेवतो. पण आवाज ऐकून वळू नकोस. पाडसापुढे मी नकळत पुटपुटत होतो. तुला जेवलीस का विचारलं, तेव्हा त्याने काय होईल हे मला माहीत होतं, आणि तरी मी विचारलं. मला काळजी तुझी नाही, माझी आहे.

तुझाच, सध्या गप्प बसलेला,
बाबा