अण्णांच्या गुडघ्याचं पाकीट

४ फेब्रुवारी

चि. टिल्लू यास,
अनेक आशीर्वाद. सहा फूट उंचीच्या सर्जनला टिल्लू म्हणणं बरं दिसत नाही, असं तुझ्या बायकोने मागे सुचवलं होतं. मी विचार करते म्हणाले होते. विचार चालू आहे.

तू फोन उचलत नाहीस, कारण तू कायम कुणाच्या तरी गुडघ्यात असतोस. मेल उघडत नाहीस. अण्णांनी लावलेल्या सवयीमुळे आपल्या घरात कागदावरचं मात्र अजून सगळे वाचतात, म्हणून हे पत्र.

अण्णांनी कळवलंय की टेबल टेनिस खेळताना त्यांचा उजवा गुडघा दुखतो. तू एमआरआय पाहिलास आणि आतली मेनिस्कस नावाची गादी फाटलीय, दुर्बिणीतून वीस मिनिटांत छाटून टाकू, असं जाहीर केलंस. अण्णा एकाहत्तर वर्षांचे आहेत, टिल्लू. त्या वयाच्या माणसांचे न दुखणारे गुडघे मशीनखाली घातले तरी कित्येकांची गादी फाटलेलीच दिसते. केस पांढरे होतात तशी ती विरते. विशीतल्या खेळाडूचा गुडघा मैदानावर मुरगळून अडकला, तर तुझी दुर्बीण जरूर काढ. अण्णांचा गुडघा अडकत नाही. तो फक्त अण्णांसारखा कुरकुरतो.

माझं काम तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तू दरवेळी मी सरकारी कारकून असल्यासारखा बोलतोस. कोणता उपचार खरोखर उपयोगी पडतो यावर जगभर झालेले अभ्यास आम्ही वाचतो, त्यातलं भुसकट पाखडतो आणि डॉक्टरांसाठी दोन पानांचा सल्ला लिहितो, जो डॉक्टर वाचत नाहीत. सोबत तीन अभ्यास जोडलेत. तू त्यांच्यावर चहाचा कप ठेवशील. ठेवताना निदान वरचं पान वाच.

तुझ्या बायकोला भरपूर आशीर्वाद, तुला त्यातून उरतील तेवढे.
— ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं, तिन्ही अभ्यासही पोचले. कप छान बसतो.

अठरा वर्षं मी हे ऑपरेशन करतोय. अकराशेच्या वर गुडघे झाले. माणसं लंगडत येतात, चालत जातात आणि जाताना टेबलावर फुलं ठेवतात. तुझ्या तक्त्यांना कुणी फुलं दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आता तुला आनंद होईल अशी बातमी. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, त्यांना उतारवयात तुझ्या जातीच्या शंका येऊ लागल्यात. दोन वर्षांपासून ते एक चाचणी चालवताहेत. पेशंटला भूल द्यायची, दुर्बीण आत घालून पाहायचं आणि मग एक बंद पाकीट फोडायचं. आत ‘छाटा’ लिहिलं असेल तर गादी छाटायची. ‘नाटक’ असेल तर काहीही न छाटता तेवढाच वेळ हत्यारं मागायची, पाणी सोडायचं, पाय हलवायचा आणि टाके घालून बाहेर. पुढचा व्यायाम दोघांना सारखाच. कुणाला काय मिळालं हे ऑपरेशन थिएटरबाहेर कुणालाच कळत नाही, पेशंटलाही नाही, वर्षभर. शिकलेली माणसं हे करतात!

अण्णांनी हे माझ्याच तोंडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला न सांगता सरांकडे जाऊन सही करून आले. आता त्यांच्या वाट्याला नाटक आलं तर वर्षभर त्यांच्या तोंडाकडे बघायचं मी. असो, चाचणीचा निकाल काय लागणार ते मला ठाऊक आहे. लागला की तुझ्या कचेरीला एक प्रत पाठवीन, तुमच्याकडेही कप असतील.

लोभ आहेच, तो वाढवायच्या फंदात पडू नकोस.
— तुझा टिल्लू

२० मार्च

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद. ऑपरेशन झालं. झालं म्हणजे काय झालं ते मला माहीत नाही, आणि तीच त्यातली गंमत आहे. मोठ्या सरांनी केलं. चिरंजीव बाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांचा स्वतःचा बाप आत असल्याने त्यांना कळलं असेल की त्या बाकाला पाठ टेकायची सोय नाही.

गुडघ्यावर दोन बारीक टाके आहेत. व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येतात. त्या मला खुर्चीवरून हात न लावता तीसदा उठायला लावतात, आणि एकोणतीस झाले की आकडा विसरल्यासारखं करतात. माझी सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली, मला मोजताना फसवणं सोपं नाही, पण त्यांच्यापुढे काही चालत नाही.

मी सही का केली म्हणून तू विचारलंस. अग, प्रत्येक दुकानदार मला शपथेवर सांगायचा की त्याचं किलोचं वजन पूर्ण आहे. बहुतेकांना ते खरंच तसं वाटायचं. माणूस खोटा नसायचा, वजन झिजलेलं असायचं. तेव्हा मी दुकानदाराला विचारत नसे, तराजू काढत असे. टिल्लूच्या बाबतीत वेगळं का वागायचं? मात्र हे त्याला कळवू नकोस. आधीच तो माझा गुडघा बघायला दिवसाआड येतो आणि गुडघा सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतो.

तब्येतीला जपावे, खुर्चीवरून अधूनमधून उठावे.
— अण्णा

२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. काल अण्णांनी ज्येष्ठांच्या दुहेरीत उपांत्य सामना मारला. बॅकहॅण्ड मारताना उजव्या पायावर पूर्ण भार! गुडघ्याला सूज नाही, दुखणं नावाला. क्लबात त्यांच्याभोवती म्हाताऱ्यांचा घोळका होता आणि तिघांनी माझी वेळ घेतली.

आता सांग. त्यांना ‘छाटा’चंच पाकीट मिळालं हे कळायला वर्ष कशाला थांबायला हवं? मी गुडघा तपासलाय. आतून मोकळा झालेला गुडघा हाताला कळतो, ताई. अठरा वर्षांनी हाताला डोळे फुटतात. पुढच्या वर्षी परिषदेत माझं भाषण आहे, त्यात नाव न घेता अण्णांचीच केस सांगायची असं ठरवलंय. तू पहिल्या रांगेत बसायला ये.

कामाचं म्हणशील तर रीघ आहे. परवा एका शाळेतल्या लांब उडी शिकवणाऱ्या बाईंचा गुडघा केला. वय बावन्न, तशीच विरलेली गादी, तेच दुखणं. मुलींच्या स्पर्धा तोंडावर आल्यात म्हणून त्यांना घाई होती. मी म्हणालो, पंधरा दिवसांत मैदानावर.

तुझ्या तक्त्यांना नमस्कार.
— टिल्लू

१२ जून

चि. टिल्लू यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या हाताला डोळे फुटल्याचं वाचून काळजी वाटली. चष्म्याचा नंबर काढून घे.

अण्णा खेळले याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. पण ते तीन महिने रोज खुर्चीवरून तीसदा उठताहेत, दोन किलो उतरलेत, आणि एक फिजिओथेरपिस्ट बाई त्यांच्याकडे लक्ष देतात, जे आपण दोघांनी कित्येक वर्षं दिलेलं नाही. शिवाय दुखणं आपलं आपण कमी-जास्त होत असतं, आणि माणूस ते सर्वांत जास्त असतानाच तुझ्याकडे येतो. यातल्या कशाने ते बरे झाले? तू म्हणतोस, हाताला कळतं. बरं.

परिषदेतलं भाषण पाकीट उघडेपर्यंत लिहू नकोस, एवढंच सांगते. पहिल्या रांगेत बसून मला हसू आवरत नाही हे तुला तुझ्या लग्नापासून माहीत आहे.

तुझ्या न वाचण्यावरही माया करणारी,
— ताई

९ जुलै

ती. ताईस,
नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. टोमणे मारण्याच्या मनःस्थितीत नाही.

लांब उडीच्या बाईंविषयी लिहिलं होतं. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी त्यांची पोटरी सुजली. त्यांना वाटलं, टाक्यांमुळे असेल. त्यांनी फोन केला नाही. दहाव्या दिवशी शाळेचा जिना चढताना धाप लागून त्या तिथेच बसल्या. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, तिचा तुकडा फुप्फुसात गेला. तीन दिवस अतिदक्षता विभागात होत्या. आता धोका टळलाय, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या काही महिने चालतील आणि दोन मजले चढायला त्यांना मध्ये थांबावं लागतं. मुलींच्या स्पर्धा त्यांनी पलंगावरून फोनवर ऐकल्या.

हे हजारात एखाद-दुसऱ्याला होतं, हे मी सहीच्या कागदावर छापलेलं आहे. त्यांना वाचूनही दाखवलं होतं, भरभर. मी चूक केली नाही. सगळे म्हणतात, तू चूक केली नाहीस.

तुझे तीन अभ्यास मी वाचले. डाग पडलेत, पण वाचता येतात.

— टिल्लू

१४ जुलै

चि. टिल्लू,
खूप आशीर्वाद.

तुला हिणवायला माझ्याकडे बरंच साठलं होतं, ते सगळं फाडून टाकलं. तू चूक केलीस असं मीही म्हणणार नाही. ज्या कामाचा उपयोग होतो अशी तुझी खात्री होती, त्यात हजारात एकाचा धोका तू पत्करलास. आता प्रश्न त्या खात्रीचा आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे मागू नकोस. पाकिटं उघडू देत.

तोवर बाईंना भेटायला जात राहा. फाइल हातात न घेता जा. आणि जेव.

— तुझी ताई

२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. निकाल लागला. छाटलेले आणि नाटकवाले, दोन्ही गटांचं वर्षभरानंतरचं दुखणं सारखंच कमी झालंय. दोन रेघा कागदावर अशा एकमेकींवर बसल्यात की सरांना त्या वेगळ्या दाखवायला रंगीत पेन लागलं.

मग पेशंटना पत्रं गेली. अण्णांनी त्यांचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. त्यांचा चष्मा सापडेना म्हणून मलाच वाचून दाखवायला सांगितलं. ‘नाटक’.

ताई, त्या गुडघ्यात कुणी काहीही छाटलं नव्हतं. तो मी या हातांनी तपासला होता आणि आतून मोकळा झालाय असं तुला लिहिलं होतं. अण्णा अजिबात हसले नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास झाला. त्यांनी मला चहा करून दिला, म्हणाले गुडघा काही आजपासून दुखायला लागणार नाही, आणि बॅट घेऊन क्लबात गेले. मी त्यांच्या स्वयंपाकघरात अर्धा तास बसून होतो.

तिथून बाईंकडे गेलो. त्या आता बऱ्या आहेत, मैदानावर उभ्या राहतात, पण स्वतः धावून दाखवता येत नाही. मी जायला नको, वकिलाला आधी विचारावं, असं दोन सहकाऱ्यांनी सुचवलं होतं. वाळूच्या खड्ड्याशेजारच्या बाकावर बसून मी त्यांना निकाल सांगितला. त्यांच्या गुडघ्याला ऑपरेशनची गरज नव्हती, व्यायामाने तेवढंच बरं वाटलं असतं, असं स्पष्ट म्हणालो. समोर मुली खड्ड्यातली वाळू सारखी करत होत्या. बाईंनी एकच विचारलं, “हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

मी म्हणालो, “माहीत नव्हतं. पण माहीत करून घेता आलं असतं.”

त्या उठल्या आणि मुलींकडे गेल्या.

परिषदेत भाषण करणार आहे. विषय बदललाय.

— टिल्लू

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. भाषणात तू हसली नाहीस याबद्दल आभार. तुझ्या मागच्या रांगेतल्यांनी ती कसर भरून काढली. चहाच्या वेळी एक वयस्कर सर्जन जवळ येऊन म्हणाले की आकडे आपल्या जागी ठीक आहेत, पण त्यांच्या हाताला कळतं. मी त्यांना तुझा पत्ता दिलाय.

इथे माझी कीर्ती पसरतेय. अशा गुडघ्यांना मी ऑपरेशन नको म्हणतो आणि तीन महिन्यांचा व्यायाम लिहून देतो. त्यावर गेल्या महिन्यात एक शिंपी इतके चिडले की फाइल उचलून समोरच्या दवाखान्यात गेले. तिथे त्यांचं ऑपरेशन झालं, ते बरे झाले आणि आता माप घेता घेता गिऱ्हाइकांना सांगतात की माझा हात राहिला नाही. काय बोलणार? ते खरंच बरे झालेत. फुलं आता समोर जातात. माझ्या टेबलावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक खुर्चीचं चित्र आणून ठेवलंय.

लिहायचं मुख्य कारण वेगळंच. आज सकाळी एक उंच, अबोल गृहस्थ आले. डावा गुडघा, वय सत्तावन्न, तीच विरलेली गादी. समोरच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीखही घेऊन झाली होती. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि बायकोने द्यायला सांगितलंय म्हणाले. शाळेच्या वहीचा कागद, त्यावर लांब उडीच्या बाईंचं अक्षर. वर ना नमस्कार, ना माझं नाव. एवढंच:

“हे माझं ऐकत नाहीत. यांना तुम्ही नको म्हणून सांगा.”

मी त्यांचा गुडघा नीट तपासला, सगळं समजावलं, आणि नको म्हणालो.

— टिल्लू