पिंपळाच्या वाट्याचं पाणी

बिबवेवाडी, पुणे
ऑक्टोबर १९९९

प्रिय सुदर्शन,

ई-मेलच करणार होते, पण सायबर कॅफेत पाठीमागे उभी असलेली पोरं माझं इंग्रजी अक्षरांतलं मराठी माझ्याआधी वाचत होती. म्हणून कागद घेतला. आधी खुर्चीवर बस. तुझे तात्या आपल्या घरी येऊन गेले. आता लगेच फोन लावून 'नेमकं काय झालं' असं विचारू नकोस. नेमकं काय झालं हे मलाच कळलेलं नाही, आणि ते न कळण्यातच माझे तीन दिवस गेले आहेत.

सुरुवात पिंपळापासून करते. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या भेगेत तो उगवला होता, आठवतंय? तू गेलास तेव्हा दोन पानं होती. पावसाळ्यात तो हातभर झाला आणि भेगही त्याच्याबरोबर वाढली. वरच्या यमुनाबाई दर शनिवारी त्यांच्या खिडकीतून त्याच्यावर तांब्या ओततात. ते पुण्य भेगेतून झिरपत खाली सेक्रेटरी महाजनांच्या ओट्यावर, थेट पोह्यांच्या डब्यात उतरतं. महाजनांना यमुनाबाईंना काही बोलता येईना, कारण शनिवार ते स्वतःही पाळतात. मग त्यांनी गवंडी बोलावला. उत्तरेश्वर छिन्नी-हातोडा घेऊन आला, झाड बघितलं, आणि पिंपळावर मुंजा असतो, पहिला घाव घरातल्या माणसानं घालायचा, असं सांगून जिन्यात विडी ओढत बसला. हातभर झाडावर मुंजा बसणार तरी कुठे, हे त्याला कुणी विचारलं नाही.

तेव्हा महाजन आपल्या दारात आले. इतकं नम्र मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "वहिनी, तुमच्यात ते मुंजाबिंजा मानत नाहीत ना? मग एक घाव तुम्हीच घाला की." तीन वर्षांत माझं बौद्ध असणं प्रथमच सोसायटीच्या उपयोगी पडलं! मी हातोडा घेतलासुद्धा. पण आई आली होती येरवड्याहून. ती आतून ओरडली, "अगं, बोधिवृक्ष आहे तो!" मी म्हटलं, आपण झाडांची पूजा करत नाही. ती म्हणाली, पूजा करायची नाही, पण तोडायचंही नाही. मग करायचं काय? तर म्हणे, "मला काय विचारतेस, भिंत तुझी आहे." झालं. मुंजाला न भिणारी मी हातोडा घेऊन ओट्यावर बसून राहिले. तू हसशील, माहीत आहे. पण दोन शून्यं एकत्र आली की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, या भीतीवर तुझ्या कंपनीनं तुला अमेरिकेला नेलंय. उत्तरेश्वरची भीती निदान डोळ्यांना दिसत तरी होती.

हे सगळं मी रुपालीला फोनवर हसत सांगितलं. तुझी बहीण ती, तिच्या पोटात काही राहतं का? दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तात्या. मार्केट यार्डात मेथी-कोथिंबीर उतरवून तसेच आले होते, हातात पहार आणि खांद्यावर गोणपाट. याच माणसानं आपल्या लग्नाला न येता रुपालीच्या हाती निरोप पाठवला होता, 'पोराला घर मोकळं हाय, पण तिच्या हातचं पाणी मला चालणार न्हाई.' आणि त्यावर तू शपथ घेतलीस, की ते माझ्या हातचं पाणी पिईपर्यंत आपण दोघंही लोणीच्या तुमच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. ते मात्र, "झाड कुठंय?" एवढंच म्हणाले.

चपला बाहेर काढून ते स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर चढले आणि अर्धे खिडकीबाहेर वाकून भेग उकरायला लागले. मी मागून त्यांचा सदरा घट्ट धरून उभी. तुझ्या वडिलांना मी प्रथमच हात लावला, तोही पडू नयेत म्हणून. शेवटी पिंपळ मुळासकट हातात आला. त्यांनी तो गोणपाटात गुंडाळला, घाम पुसला आणि खाली बसले. मी पेला भरून पुढे केला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पेला घेतला, आणि सगळं पाणी गोणपाटावर ओतलं. "मुळ्या सुकत्यात," म्हणाले. रिकामा पेला ओट्यावर ठेवून उठले.

आता सांग, याला काय म्हणायचं? आई म्हणते, पाणी नाकारलं, सरळ अपमान आहे. रुपाली म्हणते, तात्या बैलाआधी कधी पाणी पीत नाहीत, तसंच हे. मी सकाळी आईच्या बाजूची असते, संध्याकाळी रुपालीच्या. नाकारायचंच होतं तर पेला हातात घेतला कशाला? आणि घेतला, तर एक घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं? मला राग आला आहे, सुदर्शन, आणि त्यांची मायाही वाटते आहे, आणि दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते मला समजत नाही.

जाताना जिन्यात थांबून, भिंतीकडे बघत ते एक वाक्य बोलले, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. "हिरीपाशी लावतो. रविवारी येऊन बघून जा." तुझी शपथ मोडली की पुरी झाली, याचा निवाडा तू तिकडे कर. मी विचारत नाही, कळवते आहे. रविवारी मी लोणीला जाणार. पिंपळ बघेन, आणि मग तात्यांकडे, त्यांच्याच हातून, प्यायला पाणी मागेन. हे पत्र तुला मिळेल तोवर मी ते पाणी पिऊन परत आलेली असेन. किंवा तशीच, तहानलेली.

तुझीच,
शर्मिला