चांदीच्या डब्यांची व्यवस्था

मी पार्बताबाई, मयत नत्थुजी मेहरे यांची बायको, वय अदमासे अडुसष्ट, धंदा फुलबाग, राहणार अमरावती, कॅम्पाच्या वाटेवर, माझ्या मागे काय कोणाकडे जावे ते राजीखुशीने सांगते आणि अर्जनवीस भगवंतराव लिहून घेतात. मला कोणी धाक घातलेला नाही. डोके ठिकाणावर आहे का, हे पाहायला भगवंतरावांनी वार आणि साल विचारले. मी दोन्ही सांगितली, वर त्यांच्या सुनेचे माहेरही.

१. मळा आणि विहीर नत्थुजींच्या मागे माझा मुलगा गोवर्धन याचीच आहे. दोन खोल्यांचे घर मात्र मी फुलांच्या कमाईतून माझ्या नावावर घेतले. तेही गोवर्धनला. अट एवढीच की दारापुढचा मोगरा तोडून तिथे गोठा बांधू नये. त्याच्या मनात तसे आहे, मला ठाऊक आहे.

२. फुलांची कात्री सून माणिकबाईला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तिला कधी बोलून दाखवले नाही, म्हणून इथे लिहवते.

३. आता चांदीच्या डब्या. नग सहा, तळहाताएवढ्या, चपट्या. ह्या कशाच्या, हे घरात नात कौशल्येखेरीज कोणी विचारले नाही.

कॅम्पातल्या एका बंगल्यावर मी रोज फुले देत असे. फाटकाला पत्र्याची पेटी टांगलेली होती. दुसऱ्या मडमा टांग्यातून येत, अशा डबीतून जाड कागदाचा तुकडा काढत, पेटीत टाकत आणि परत जात. घरची मडम आत व्हरांड्यात बसलेली मला दिसे. मी खानसाम्याला विचारले, "ह्या भेटत काहून नाहीत?" तो म्हणाला, "भेट हो गयी. कार्ड पर नाम है ना." घरी येईपर्यंत मी तोच विचार करत होते. माणूस दारात उभा, आणि भेट झाली ती त्याच्या नावाची.

त्या साहेबाची बदली झाली तेव्हा सामानाचा लिलाव झाला आणि मी पहिली डबी घेतली. तिच्यावर तळ्याकाठचा मोठा वाडा कोरलेला आहे. त्याच्या खिडक्या मी मोजल्या, बावीस भरल्या. हा वाडा कुठला, त्यात कोण राहते, हे मला जाणून घ्यायचे होते. पुढे अमरावतीला, अकोल्याला, जिथे लिलावात अशी डबी दिसली तिथे मी घेतली. लोक हसले. एकीवर पूल आहे. मिशनच्या शाळेतल्या गोऱ्या बाईंनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाल्या, हा पूल माझ्या गावाजवळचा, पण कोरणाऱ्याने एक कमान जास्त काढली आहे. तेवढ्यावर मी आठ दिवस खूश होते. वाडा कोणाचा, ते त्यांनाही सांगता आले नाही.

४. डब्या मुळात सात होत्या. प्लेगच्या साली आम्ही घर सोडून शेतात झोपडी टाकली, तेव्हा मी त्या मोर्शीला धाकट्या बहिणीकडे, रुख्मिणीकडे, ठेवायला दिल्या. परत आल्या सहा. पाखरू कोरलेली सातवी तिने आटवून लेकीच्या तोरड्या केल्या. मला म्हणाली, "बाई, त्यात पान मावत नाही, चुना मावत नाही. पोरीच्या पायात चांदी दिसून तरी राह्यली." त्यानंतर सोळा वर्षे आम्ही बोललो नाही. तिच्या घरच्या दोन लग्नांना मी गेले नाही. त्यातले एक चुकले, असे आता वाटते.

५. चार वर्षांपूर्वी कौशल्येने छापखान्यातून माझ्या नावाची कार्डे करून आणली: पार्बताबाई मेहरे, फुलबाग, अमरावती. मला वाचता येत नाही, पण आपले नाव किती लांब आहे ते त्या दिवशी कळले. एक कार्ड पुलाच्या डबीत घालून मी मोटारीने मोर्शीला गेले. रुख्मिणी चुलीपाशी होती. फोडणीचा वास येत होता. ती बाहेर आली नाही. मी तिच्या सुनेच्या हातात कार्ड दिले आणि आल्या पावली फिरले.

पाचव्या दिवशी ती माझ्या दारात. हातात तेच कार्ड.

"मले कागद काहून देल्ला? मले वाचता येते का?"

"त्यात मायं नाव हाय."

"नाव काय करू? तू सोता दारात होती ना. आत काहून नाही आली?"

"तुनं बलावलं नाही."

ती खाली बसली. पाणी प्याली. मग म्हणाली, "दाखव, कोन्त्या उरल्या त्या." मी सहाही तिच्यापुढे मांडल्या. वाड्याच्या खिडक्या तिने तेवीस मोजल्या. झाडाआडची एक मला कधी दिसली नव्हती.

६. म्हणून वाड्याची डबी रुख्मिणीला द्यावी. बाकी पाच आणि उरलेली कार्डे कौशल्येला. तिने डब्या विकल्या तरी चालतील, आटवू नयेत; आणि वाडा कुठला, ते जाणत्याला विचारत राहावे.

७. लिहिणे होत आले तेव्हा मोर्शीहून आलेली, शेजारीच बसलेली रुख्मिणी म्हणाली, साक्ष मी करते. भगवंतरावांनी सांगितले की ज्याला कागदातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, पुढे वाद निघतो. ती म्हणाली, "मंग डबी खोडा. बाईच्या कागदावर मी पायजे." मी तिला दोनदा विचारले. तिने दोनदा तेच सांगितले. सबब कलम सहामधील रुख्मिणीचे नाव रद्द. सहाही डब्या कौशल्येला.

वाचून दाखवले, ऐकले, कबूल आहे.

पार्बताबाई मेहरे, निशाणी डाव्या अंगठ्याची

साक्ष: जानराव सहदेवराव, शेजारी, सही दस्तुरखुद्द

साक्ष: रुख्मिणी, राहणार मोर्शी, पार्बताबाईची सख्खी बहीण, निशाणी डाव्या अंगठ्याची

मुक्काम अमरावती, शुक्रवार, तारीख ९ फेब्रुवारी १९३४