फ्रेंच (कौटुंबिक) चित्रपट

गडचिरोली,
रविवार, ११ ऑगस्ट

चि. राजदीप यास अंजनाताईचा सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझा मोबाइलवरचा निरोप मिळाला. (चार ओळी आणि खाली जोडलेले हात. ते हात तू जोडलेस की फोननं आपलेआप जोडले, हे मला अजून ओळखता येत नाही.) उत्तर टपालानं पाठवते आहे, कारण तेहतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यावर मला अंगठ्यानं लिहिणं जमत नाही. सौ. नंदिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना चढायला तुला पाठवत जा. निशाच्या बाळाला दात आले का? फोटोत तो तोंड घट्ट मिटून बसला आहे, त्यामुळे काही कळत नाही. माझी प्रकृती उत्तम. बीपीची गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करते. हल्ली आधी खूण करते आणि मग गोळी राहून जाते, पण कॅलेंडर पाहशील तर माझ्याइतकी नियमित पेशंट जिल्ह्यात सापडायची नाही.

तू लिहिलंस की ताई, आता तिथे एकटी कशाला राहतेस, नाशिकला ये, वरची खोली रिकामीच आहे. तुझी माया पोचली. पण माझं येणं जमेलसं दिसत नाही, कारण इथे माझ्यावर जबाबदारी आहे. मी इथे फ्रेंच चित्रपटांचं मंडळ चालवते. हे वाचून तू नंदिनीला हाक मारशील आणि दोघं मिळून पुन्हा वाचाल, म्हणून मीच पुन्हा लिहिते: फ्रेंच चित्रपटांचं मंडळ. गडचिरोलीत. हे कसं झालं ते नीट सांगते, म्हणजे माझा नकार तुला आडमुठेपणाचा वाटणार नाही.

माझ्या मागच्या खोलीत दोन वर्षं खुशबू नावाची मुलगी भाड्यानं राहायची. नागपूरची, आमच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायला कंत्राटावर आलेली. तिला फ्रेंच सिनेमांचं वेड. रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायची, कारण तिच्या खोलीतला पंखा फिरण्यापेक्षा बोलायचाच जास्त. पहिल्यांदा तिनं दाखवला तो सिनेमा मी भेंडी चिरता चिरता पाहिला. त्यात एक पन्नाशीची बाई टपाल कचेरीत नोकरी करते, संध्याकाळी पाव आणते, खिडकीशी उभी राहून खाते, भांडी घासते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. शेवटी ती दिवा लावते आणि नावं येतात. मी म्हटलं, पुढचा भाग कुठे आहे? खुशबू म्हणाली, बाई, इतकाच आहे. मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. (भेंडीही बिघडली होती.)

तिसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातूनच वरणभात खात होते. ताटात वाढून घ्यायचं मी कधी सोडलं, ते आठवेना. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की ही बाई मी पाहिलेली आहे. आपल्याकडच्या सिनेमात एकटी बाई दिसली की तिला रडवतात, नाहीतर शेवटी कोणाच्या तरी दारात नेऊन सोडतात. त्या बाईला कोणी कुठेही नेलं नाही. तिचं पाव खाणं कॅमेऱ्यानं इतक्या अदबीनं पाहिलं की मी त्या दिवशी ताट घेतलं, पाट घेतला आणि बसून जेवले. मग खुशबूच्या दारावर टकटक केली आणि विचारलं, तसला आणखी आहे का.

तसले बासष्ट निघाले. दोन वर्षांत आम्ही सगळे पाहिले. मला तीन फ्रेंच शब्दही येऊ लागले. त्यातला एक नमस्काराचा, एक आभाराचा, आणि तिसरा खुशबूनं चारचौघांत म्हणू नका असं सांगितलेला. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचं कंत्राट संपलं आणि ती पुण्याला गेली. बस सुटायच्या आधी तिनं सगळे सिनेमे भरलेली एक डबी माझ्या हातात ठेवली (हार्ड डिस्क म्हणतात तिला, दिसायला तपकिरीच्या डबीसारखी) आणि म्हणाली, "बाई, एकट्यानं नका पाहू. कोणाला तरी दाखवत जा." त्यावर मी तिला अगदी ऐटीत सांगितलं की माझ्या ओळखीचे लोक काय कमी आहेत.

घरी येऊन मोजले. म्हणून मंडळ काढायचं ठरलं.

आमच्या वॉर्डातल्या विहाराला लागून वाचनालय आहे, तिथे भिंतीवर मोठा टीव्ही आहे. वाचनालयाचे सचिव श्रावणभाऊ, वनखात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी विचारलं की यात समाजोपयोगी काही आहे का. मी म्हटलं, सगळं समाजोपयोगीच आहे. (माणसं पाव खातात, हे समाजोपयोगी नाही असं कोण म्हणेल?) त्यांनी रविवारी दुपारी चारची वेळ दिली. मी माझ्या ग्रंथालयी अक्षरात सूचना लिहून फळ्यावर लावली: "फ्रेंच चित्रपट. रविवारी दुपारी चार वाजता. सर्वांना प्रवेश."

राजू, तुझी ताई एकसष्ट वर्षांची झाली तरी तिला जगाची अक्कल नाही, हे आई होती तेव्हा तू म्हणायचास, ते बरोबर होतं. त्या रविवारी पावणेचारलाच वाचनालय भरलं. त्रेचाळीस माणसं. सगळे पुरुष. काहींनी मोटारसायकली दूर पाण्याच्या टाकीमागे उभ्या केल्या होत्या आणि तोंडाला रुमाल बांधून आले होते. इतकी वर्षं वाचकांना वाचनालयात ओढण्याचा माझा धंदा, पण अशी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. श्रावणभाऊ तर गहिवरले. त्यांनी उभं राहून दोन शब्द सांगितले की आपल्या वॉर्डात जागतिक संस्कृतीची एवढी ओढ आहे हे पाहून समाधान वाटलं. श्रोत्यांनी माना खाली घातल्या.

मी मुद्दाम साधा, काळापांढरा सिनेमा निवडला होता. एक म्हातारा चांभार जोडे शिवतो, त्याची दृष्टी मंद होत चालली आहे, आणि तो हे कोणाला सांगत नाही. वीस मिनिटं झाली. तोवर त्यानं एक जोडा पुरा करून दुसऱ्याला हात घातला होता. मागच्या रांगेतला एक सभ्य माणूस वाकून माझ्यापाशी आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे सुरू कधी होते?"

"सुरू झालं आहे," मी म्हटलं.

तो तसाच वाकून बाहेर गेला. मग दुसरा, मग चारजण एकदम. मला वाटलं, यांना पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचता येत नसतील, म्हणून मी उभी राहून मोठ्यानं मराठी करू लागले, तशी उरलेलीही उठली. म्हाताऱ्याचा दुसरा जोडा होईपर्यंत वाचनालयात मी, श्रावणभाऊ, झोपलेला एक इसम आणि मागाहून येऊन दाराजवळ बसलेली एक म्हातारी, एवढेच राहिलो. खरं कारण मला दुसऱ्या दिवशी श्रावणभाऊंच्या मिसेसनी घरी येऊन, दार लावून घेऊन सांगितलं. राजू, मी त्या बाईपुढे लाजेनं मेले. आठ दिवस भाजी आणायला लांबच्या बाजारात गेले. श्रावणभाऊंनी मंडळ बंद केलं नाही, पण सूचनेत स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली: "फ्रेंच (कौटुंबिक) चित्रपट." त्यानंतरच्या रविवारी कोणीही आलं नाही.

म्हणजे ती म्हातारी आली. तिचं नाव बुधरी मडावी. कुरखेड्याकडची, मुलींच्या आश्रमशाळेत स्वयंपाकीण होती, आता पेन्शनवर विहारामागे पुतण्याकडे राहायची. मला वाटलं, कूलरच्या वाऱ्याला येत असेल. पण डिसेंबरात कूलर बंद झाला तरी ती आली, शाल पांघरून. तिला अक्षरओळख नाही, फ्रेंच नाही, इंग्रजी नाही. मी शेजारी बसून खालच्या इंग्रजी ओळी वाचायची आणि मराठी करून सांगायची. ती मान हलवायची. मला फार बरं वाटायचं. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत असं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच वाटत होतं.

आता माझी चूक सांगते. एका दुपारी मी त्या डबीतल्या सगळ्या सिनेमांना ग्रंथालयाच्या पद्धतीनं दाखल-क्रमांक दिले. सिनेमा वेगळा आणि त्याच्या खालच्या ओळी वेगळ्या साठवलेल्या असतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्या गडबडीत सतराव्याच्या ओळी एकोणिसाव्याला चिकटल्या. पुढच्या रविवारी आम्ही एकोणिसावा लावला. पडद्यावर एक नवरा-बायको टोपली घेऊन जंगलात फिरत होती आणि मी पाऊण तास गंभीर आवाजात सांगत होते की वकील म्हणतो मृत्युपत्रावर सही खोटी आहे, ती म्हणते काकांना विष कोणी दिलं. वकील कुठे दिसत नव्हता, पण बासष्टांतला हा कोणता ते मला आठवत नव्हतं, आणि वाटलं, फ्रेंच सिनेमा आहे, दाखवायचा नसेल त्यांना. (फ्रेंच सिनेमाचा हा एक तोटा आहे. चूक झाली तरी ती कला वाटते.) शेवटी बुधरीबाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "थे असं नाई म्हणून राह्यली. थे म्हणते, हा सात्या टाकून दे, हा खायचा नाई."

सात्या म्हणजे आपल्याकडची रानातली अळंबी, तुला आठवत असेल. मी पडद्याकडे नीट पाहिलं. बायकोनं नवऱ्याच्या हातातली अळंबी घेतली आणि फेकून दिली. मी विचारलं, तुम्हाला केव्हापासून कळतं आहे हे? तर म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग मला सांगितलं काऊन नाही? तर म्हणाली, "तुमाले सांगाले आवडते ना."

त्या दिवसापासून आम्ही खालच्या ओळी बंद केल्या. आता सांगायचं काम तिच्याकडे आलं. हा बोलत नाही कारण याच्या घरचं माणूस गेलं आहे. ही हसते पण हिला इथून निघायचं आहे. मी नंतर गुपचूप इंग्रजी ओळी लावून तपासायची. दहापैकी आठ वेळा ती बरोबर निघायची, आणि उरलेल्या दोन वेळा तिची गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा चांगली असायची. फ्रेंच लोकांवर तिचा एकच राग होता. पाहुणा आला तर कोणी पाणी देत नाही. प्रत्येक सिनेमात दारावर कोणी आलं की ती पुढे सरकून वाट पाहायची. वर्षभरात पाणी कोणी दिलं नाही.

जुलैत तिच्या मुलीच्या पाठीचं ऑपरेशन झालं, धानाच्या रोवण्याचे दिवस, घरी करणारं कोणी नाही, म्हणून ती कुरखेड्याला गेली. मी बसस्टँडवर पोचवायला गेले होते. पंधरा दिवसांत येते म्हणाली. मग पुतण्यानं सांगितलं की आता ती तिकडेच राहणार. गावात फोनला रेंज नाही. एकदा मात्र टेकाडावर चढून तिनं फोन केला आणि विचारलं, या रविवारी काय पाहिलं? मी सांगायला बसले. एक बाप, त्याची सायकल, मुलगी शहरातून परत येते, स्टेशनवर तो तिला ओळखत नाही. चांगलं रंगवून सांगत होते. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की तिकडून हुंकार येत नाही. फोन कधीच कटला होता. पण गोष्ट अर्ध्यावर कशी सोडायची, म्हणून मी ती पुरी सांगितली. स्टेशनवर शेवटी मुलगीच बापाला हाक मारते.

तर अशी इथली परिस्थिती आहे. मंडळाला वर्ष झालं, नाव झालं आहे (कसलं का होईना), आणि संस्थापकच निघून गेला तर संस्था टिकत नाही. तेव्हा नाशिकला येण्याचा आग्रह करू नये. नंदिनीला गरम पाण्याचा शेक घ्यायला सांग. बाळाला माझ्याकडून पापा.

तुझी,
अंजनाताई

ता. क. मंडळ गेल्या महिन्यापासून बंद आहे. श्रावणभाऊंनी रविवारची वेळ स्पर्धा परीक्षेच्या मुलींना दिली. योग्यच केलं. मीच त्यांना म्हटलं की द्या.

ता. क. २. वर खोली रिकामी आहे म्हणतोस, तिला पश्चिमेकडे खिडकी आहे का? नुसतं माहिती असावी म्हणून विचारलं. त्यावरून काही अर्थ काढू नये.

ता. क. ३. तू मला एकदाच विचारलंस. एकदा विचारल्यावर मोठ्या बहिणीनं काय म्हणायचं असतं? तर पुन्हा विचार. मोबाइलवर लिहून नको, फोन करून विचार, आणि नंदिनी शेजारी असू दे. मी पहिल्यांदा नाहीच म्हणेन. तू फोन ठेवू नकोस.