म्हातारी ड्रॅगन पडते तेव्हाचा माझा चेहरा

सोमवार, ६ मे
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या दिवसांची नोंद कुठेच सापडत नाही आणि मग चरित्रकारांचे हाल होतात. माझ्या बाबतीत तसं व्हायला नको.

रविवारी 'अग्निखोरं'चा आठवा एपिसोड. सकाळी साडेसातला, जगभर एकदम. म्हातारी ड्रॅगन मरणार अशी कुजबुज आहे. ते पाहताना मी स्वतःचं शूटिंग करणार आणि चॅनेलवर टाकणार. लोक आधी एपिसोड पाहतात, मग एपिसोड पाहून रडणाऱ्यांना पाहतात. ज्याला रडता येतं त्याचं सोनं होतं. मला येतं. शाळेपासून येतं.

हिला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. तिथल्या लॅबची मुख्य. रविवारी सकाळी दहाची बस आहे म्हणाली, तू बरोबर येतोस की नाही ते तोवर सांग. म्हटलं, एपिसोड झाला की बोलू. एका वेळी एकच मोठी गोष्ट.

मंगळवार, ७ मे
सराव. मी कामाला आहे त्या शोरूममध्ये गाद्यांच्या मागे मोठा आरसा आहे, तिथे. डावा डोळा लवकर भरतो, उजवा आळशी आहे. उजव्यावर मेहनत घेतली पाहिजे. डबलबेड बघायला आलेलं एक जोडपं मला पाहून निघून गेलं. कलेची कदर नाही.

लीकपासून सावध राहायचं. पहिली प्रतिक्रिया अस्सल हवी, त्यामुळे कुणी तोंड उघडलं की माझा पंजा वर. न बोलता, न वळता. हिलाही सूट नाही. तिला त्या सिरियलमधलं ओ की ठो कळत नाही, पण रक्त तपासायला येणारे लोक काहीही बडबडतात.

बुधवार, ८ मे
रविवार म्हणजे शोरूमचा गर्दीचा दिवस. मालक रजा देईनात. मग सांगितलं, बायको अंथरुणाला खिळली आहे, कूसही बदलता येत नाही. गळा दाटून आणला. (दोन्ही डोळे! उजवासुद्धा!) मालक विरघळले. म्हणाले, पाठीचं दुखणं असेल तर आधी घरची गादी बदला.

ही रात्री जेवताना पुन्हा त्याच विषयावरून खनपटीला बसली. मी पंजा दाखवला. उरलेलं जेवण शांततेत झालं.

गुरुवार, ९ मे
ही कपाटं आवरते आहे. बरं झालं, माझ्या मागची बाजू फ्रेममध्ये स्वच्छ दिसेल. तिची पुस्तकं शेल्फवरून गेली, तिथे माझा प्लॅस्टिकचा ड्रॅगन ठेवला. आपोआप जागा झाली.

शुक्रवार, १० मे
ग्रुपवर सेनापतींचा सल्ला मागितला. सेनापती म्हणजे आमच्या फॅन ग्रुपचे प्रमुख, एरवी लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देतात. म्हणाले, मोठे हेडफोन लाव, आवाज फुल ठेव, जगाशी संबंध तोड. तरच आतून येतं. पटलं.

शनिवार, ११ मे
ही म्हणाली, तुझंही तिकीट काढलंय. पंजा. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. मग म्हणाली, उद्या निघताना शेवटचं विचारीन, फक्त हो किंवा नाही म्हण. आदल्या दिवशी असलं काही बोलू नये, एवढी साधी समज नाही. माझी एकाग्रता ढळली. एक आख्खा सराव वाया गेला.

रविवार, १२ मे, सकाळी ७.१५
सगळं तयार. मोबाइल स्टँडवर. हेडफोन चार्ज. तोंडावर पावडर, पण ओळखू येणार नाही इतपत. ही आतल्या खोलीत चेन लावते आहे. बॅगेची असावी.

सकाळी ८.४५
इतिहास घडला. म्हातारी ड्रॅगन गेली. आधी कड्यावर उभी राहिली, मग पडली. मी ढसाढसा. उजवा डोळा आधी! व्हिडिओ न बघताच टाकला. उशिरा टाकणाऱ्याला कोण विचारतो?

ही घरात नाही. तिची किल्ली टीपॉयवर आहे. दहाच्या बससाठी इतक्या लवकर जायची काय गरज होती? विचारणार होती तेही विसरली. जाऊ दे. तिथे रुळली की स्वतःच फोन करील.

सोमवार, १३ मे
पाहणाऱ्यांचा आकडा झोपेतून उठेपर्यंत हजारांत गेला! आवाज बंद करून स्वतःचा चेहरा सहा वेळा पाहिला, अगदी झूम करून. हनुवटीची थरथर अप्रतिम.

कॉमेंट्सचा पाऊस. 'किती वेळ उभी होती बिचारी.' हो, कड्यावरचा तो सीन सगळ्यांनाच लागला. 'अरे मागे बघ, मागे बघ.' प्लॅस्टिकचा ड्रॅगन नजरेत भरलेला दिसतो. आणि माझ्या पंजाचं कुणीतरी स्टिकर केलंय. मी पंजा केव्हा दाखवला ते आठवत नाही, सवयीने गेला असेल. नवरे लोक ते स्टिकर बायकांना पाठवताहेत म्हणे. लोकांच्या संसारात आपण असं पोचायचं, याला नशीब लागतं.

सेनापतींचा स्वतःहून फोन. विचारत होते, ठरवून केलंस का? मी म्हटलं, छे, उपजत आहे. पलीकडे फार वेळ हसण्याचा आवाज येत होता. मत्सर.

नोकरी सोडायचा विचार पक्का. हिला कळवायला फोन केला. उचलला नाही.

मंगळवार, १४ मे
मालकांनी शोरूमच्या मधोमध बोलावलं. सगळा स्टाफ गाद्यांवर बसलेला. मला वाटलं, सत्कार. मालकांनी विचारलं, कूस बदलता न येणारी बायको दोन बॅगा उचलून दारात कशी उभी? मी म्हटलं, कुठल्या दारात?

त्यांनी मोठ्या टीव्हीवर लावलं. आवाजासकट.

माझ्या मागचं दार उघडतं. ही दोन बॅगा घेऊन येते. विचारते, येतोस का. तिची सावली स्क्रीनवर पडते तसा मी नजर न काढता पंजा वर करतो. ती बॅगा खाली ठेवते. थांबते. पुन्हा विचारते. पुन्हा पंजा. मग म्हणते, बोलू नकोस, नुसती मान हलव. मी तेव्हा ड्रॅगनला जाऊ नकोस, जाऊ नकोस म्हणून हाका मारत असतो. ती बराच वेळ माझ्याकडे बघते. एकदा डोळेही पुसते. मग किल्ली ठेवते, बॅगा उचलते आणि बाहेरचं दार आवाज न करता लावून घेते. मला त्रास नको म्हणून असेल.

स्टाफला सगळं पाठ होतं. प्रत्येक पंजाच्या वेळी सगळे एका सुरात 'पंजा!' म्हणत होते. कॅशियर बाईंना हसून ठसका लागला. मी बसलो. नवी गादी होती, प्लॅस्टिक करकरलं.

मालकांनी कामावरून काढलं नाही. उद्यापासून दाराशी उभं राहायचं आणि गिऱ्हाइकांबरोबर पंजा वर करून फोटो द्यायचे. विक्री वाढेल म्हणाले.

बुधवार, १५ मे
फोटो दिले. एका आजोबांनी नातवाला माझ्या खांद्यावर बसवलं.

हिला नऊ फोन केले. मेसेजही. पण शब्दांनी काय होणार? मला माझी ताकद माहीत आहे. त्या व्हिडिओवरची माझी रिअ‍ॅक्शन शूट करायची. तिने ती पाहिली की संपलं, पहिल्या बसने परत येईल. नाहीतर मी जाईन.

संध्याकाळी केलं. सराव नाही, पावडर नाही. 'नुसती मान हलव' ऐकलं आणि काय झालं कळलंच नाही. नाक वाहत होतं. डोळा कुठला आधी, कुठला नंतर, लक्षातच राहिलं नाही. शेवटी एवढंच म्हणालो, की मी येतो. मानही हलवली. बरीच हलवली. टाकला. हिला लिंक पाठवली.

गुरुवार, १६ मे
पाहणारे थोडे. कॉमेंट्स: 'ओव्हरअ‍ॅक्टिंग.' 'ड्रॅगनच्या वेळी बरा रडला होतास.' 'बायकोसाठी असं कोण रडतं?' सेनापतींनी लिहिलंय, दुसरा भाग नेहमी पडतो, मनाला लावून घेऊ नकोस.

दुपारी हिचा मेसेज आला. पाहिला म्हणाली. लॅबमधल्या सगळ्यांनी जेवणाच्या सुट्टीत मिळून पाहिला. पहिला जास्त खरा वाटला, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि तिचंही तेच. खाली लिहिलं होतं, येऊ नकोस.

घरी आल्यावर दोन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ लावून पाहिले. खरंच, पहिलाच जास्त खरा वाटतो.