पान ४१, ओळ ६

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, आंबेझरी.

अर्जदार : कु. रिग्झिन चोडोन, वय २८ वर्षे, व्यवसाय : कंत्राटी परिचारिका, रा. तिबेटी वसाहत, कॅम्प क्र. ३, मौजा पिंपळटोला, ता. आंबेझरी.

विषय : अर्जदाराच्या आईची जन्मनोंद व इतर कागदपत्रे यांवरील दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचे मान्य करून अर्जदारास वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे त्रुटीपत्र, दि. १४ मे.
३) तलाठी, साझा पिंपळटोला, यांचा पंचनामा, दि. १२ जून.
४) अव्वल कारकून श्री. हत्तीमारे यांनी दि. ९ जुलै रोजी जिन्यात दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

संदर्भ क्र. ४ ची सूचना अशी होती : "मॅडम, पाचवा अर्ज करा. पण त्यात सगळं सांगा, पहिल्यापासून. साहेब वाचतात, वाचत नाहीत असं नाही." त्यानुसार सर्व हकीकत खाली दिली आहे. लांबी जास्त झाल्यास क्षमा असावी.

१. अर्जदाराची शासकीय स्त्री रुग्णालयात परिचारिका या कायम पदावर निवड झालेली आहे. ग्रामीण रुग्णालयात सहा वर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर काम केल्यानंतरची ही निवड आहे. राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र दि. ३१ जुलैपर्यंत सादर करावयाचे आहे. एक मुदतवाढ घेऊन झाली. दुसरी मिळणार नाही, असे निवडपत्रावरच छापलेले आहे.

२. अर्जदाराचा जन्म १९९६ चा, याच वसाहतीतला. वडील (मयत) तिबेटात जन्मलेले होते, म्हणून त्यांच्याकडून काही लागू होत नाही. आई मात्र १९७३ साली इथेच, कॅम्प तीनच्या घर क्र. २८ मध्ये जन्मली. त्या साली भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारताची नागरिक ठरते आणि तिची मुलगी म्हणून अर्जदारही. याबाबत आपल्या कार्यालयाचा वाद नाही. वाद एवढाच आहे की १९७३ साली जन्मलेली ती मुलगी म्हणजे अर्जदाराची आई, हे सिद्ध होत नाही.

३. आईच्या शाळेच्या दाखल्यावर, नोंदणी पुस्तिकेवर, शिधापत्रिकेवर, आधार कार्डावर आणि अर्जदाराच्या जन्मदाखल्यावर नाव आहे : छेतेन युडोन. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत, पान ४१, ओळ ६ वर, वडिलांचे नाव (वांगयाल) तेच, घर क्रमांक तोच, पण मुलीचे नाव निराळे आहे. ते नाव अर्जदार या अर्जात लिहू शकत नाही. कारण मुद्दा ४ मध्ये आहे. तोपर्यंत त्या मुलीचा उल्लेख "ओळ ६" असा केला आहे. श्री. हत्तीमारे यांचे मत पहिल्याच दिवशी असे पडले : "आडनाव राहिलं, काना-मात्रा चुकली, तर मी इथंच दुरुस्त करून देतो न जी. पण हा फरक नाही, ही दुसरी बाई आहे." वडील एकच आहेत हे दाखविल्यावर ते म्हणाले, "वांगयालला दोन पोरी असतील. कोणाला नसतात?"

४. १९८२ च्या पावसाळ्यात ओळ ६ हिला ताप आला. वय नऊ. त्या वर्षी कॅम्पमध्ये तापाने अकरा माणसे गेली होती. जंगल नवे, डास नवे, आणि आमची माणसे थंड मुलखातली. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा मठातील लामांना बोलावले. आमच्यात अशा वेळी माणसाचे नाव बदलतात. मरण नावानिशी शोधत येते, म्हणून ते नाव त्याच्या हवाली करायचे. कणकेची बाहुली केली, तिला मुलीच्या फ्रॉकची चिंधी नेसवली, जुन्या नावाने तिला हाक मारली आणि जाम्पेल नावाच्या धडधाकट माणसाने ती तिठ्यावर नेऊन ठेवली. परतताना मागे पाहायचे नसते. त्याने पाहिले नाही. मुलीला छेतेन हे नाव दिले. चौथ्या दिवशी ताप उतरला.

त्या दिवसापासून कॅम्पमध्ये ते जुने नाव कोणी उच्चारलेले नाही. भांडणातही नाही. अर्जदारास ते अठ्ठाविसाव्या वर्षी, नोंदवहीच्या नकलेवर, प्रथम वाचायला मिळाले.

५. आपल्या कार्यालयाने प्रथम प्रतिज्ञापत्र मागितले : "मी, ओळ ६ ऊर्फ छेतेन युडोन." ते टाइप करून अर्जदार घरी घेऊन गेली. आईला मराठी चांगले येते. तीस हिवाळे तिने नागपुरात स्वेटर विकलेले आहेत. तरी तिने विचारले,

"ऊर्फ म्हणजे काय?"

"म्हणजे हेही नाव तुझंच आणि तेही."

"म्हणजे दार उघडं ठेवायचं."

"आमा, नुसता कागद आहे."

"नुसता आहे तर त्यांना कशाला हवा?"

सही झाली नाही. राजपत्रात नावबदल छापून आणावा, असा दुसरा मार्ग निघाला. त्यासाठी नागरिकत्वाचा पुरावा लागतो आणि नागरिकत्वासाठी नावाचा. श्री. हत्तीमारे यांनी हे स्वतःच कागदावर गोल काढून समजावले आणि तो कागद चुरगळून टाकला.

६. (हा मुद्दा लिहून खोडला आहे. त्यात राग होता. क्रमांक तसाच ठेवला आहे.)

७. मग अर्जदाराकडून चूक झाली. मठाचे पत्र आणले तर काम होईल असे वाटले. लामांनी चांगल्या मनाने, मठाच्या वहीत जे होते ते, त्याच शब्दांत लिहून दिले. त्याचे अधिकृत मराठी भाषांतर असे : "सदर नावाची मुलगी दि. १९ ऑगस्ट १९८२ रोजी मृत्यूस देण्यात आली. तिच्या जागी छेतेन युडोन आली." अर्जदाराने ते वाचले होते. आम्हाला त्यात काही वावगे दिसले नाही, कारण आमच्याकडे हे असेच बोलतात.

दि. १४ मे चे त्रुटीपत्र आले : "पान ४१, ओळ ६ वरील व्यक्ती १९८२ मध्ये मयत झाल्याचे आपणच दाखल केलेल्या पुराव्यावरून दिसून येते. सबब (अ) तिची मृत्युनोंद सादर करावी; (ब) तिच्या जागी आलेली छेतेन युडोन ही कोठून आली, याचा खुलासा करावा."

आईला हे वाचून दाखविले. तिला ते पटले. "खरं लिहिलंय त्यांनी," ती म्हणाली. "दे ना मग मेल्याचा दाखला. सुटली बिचारी." ग्रामसेवकांकडे विचारणा केली तेव्हा ते म्हणाले, "नऊ वर्षांची पोर मेली म्हणता अन् तिला तुमच्याएवढी लेक आहे म्हणता. ताई, मी सही करतो, मग माझी चौकशी कोण करते, ते पण सांगून ठेवा."

८. पंचनामा. तलाठीसाहेब दि. १२ जून रोजी स्वतः कॅम्पवर आले, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. सभागृहात साठीच्या पुढची चौदा माणसे जमवली होती. अर्जदारास वाटले, आता चौदा तोंडांनी खरे बाहेर येईल. तलाठीसाहेबांनी नोंदवहीवरचे नाव मोठ्याने वाचले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"काहून जी, ही पोरगी होती न तुमच्यात?"

जाम्पेल आजोबा, वय ८४, उठून उभे राहिले. "नाही साहेब. अशी कोणी नव्हती."

"वांगयालची लेक?"

"वांगयालची एकच लेक, छेतेन. ती बघा, चहा आणतेय. दुसरी कुठून आणू?"

"बाबा, सरकारी काम आहे. आठवून सांगा."

"साहेब, मी सगळ्यांना ओळखतो. मेलेल्यांनासुद्धा."

चौदाही जणांनी तेच सांगितले आणि अंगठे दिले. तलाठीसाहेब गेल्यावर अर्जदाराने आजोबांना गाठले. तुम्ही माझी नोकरी घालवली, असे ती त्यांना म्हणाली. हे म्हटल्याचे तिला आता वाईट वाटते. ते म्हणाले, "पोरी, बेचाळीस वर्षं सांभाळलंय आम्ही तिला. एका परक्या माणसाने नाव घेतलं म्हणून हो म्हणायचं?" ती बाहुली तिठ्यावर नेणारे जाम्पेल ते हेच.

पंचनाम्यात "सदर नावाची मुलगी वसाहतीत कधीही नव्हती" असे आहे. मठाच्या पत्राप्रमाणे ती मेली, पंचनाम्याप्रमाणे ती जन्मलीच नाही. दोन्ही कागद अर्जदाराच्याच प्रयत्नाने तयार झालेले आहेत.

९. दि. ८ जुलै रोजी सकाळी आईने विचारले, "मी जाऊन सांगितलं तर चालेल?" अर्जदाराने नको म्हणायला हवे होते. त्याऐवजी तिने बसचे वेळापत्रक पाहिले.

दि. ९ रोजी आई नवा चुपा नेसून कार्यालयात आली. टेबलाजवळ कूलर चालू होता. श्री. हत्तीमारे यांनी टाइप करायला घेतले आणि विचारले, "मावशी, तुमचं जन्माचं नाव सांगा." आईने सांगितले. "जरा जोरात बोला न, कूलर आहे." आईने पुन्हा सांगितले. "अजून एकदा, अक्षर अक्षर करून." आईने तिसऱ्यांदा सांगितले. रांगेतल्या सातबाराच्या माणसांनीही ऐकले. अर्जदार शेजारी उभी होती. त्या नावाने आईला कोणी हाक मारली असती तर ती कशी वळली असती, असा विचार तिच्या मनात आला. तो या प्रकरणी गैरलागू आहे.

जबाब टाइप होऊन छापून आला. सही व्हायच्या आत साहेबांकडून निरोप आला की पंचनामा विरुद्ध असताना, ओळख पटलेली नसलेल्या व्यक्तीचा जबाब नोंदवता येणार नाही. श्री. हत्तीमारे यांनी तो कागद फाइलमध्ये तसाच ठेवला आणि आईला पाणी दिले. "मावशी, तुमच्या गावानंच नाही म्हटलं. मी काय करू?" मग ते जिन्यापर्यंत सोडायला आले.

१०. तरी विनंती की, आईचा जबाब समक्ष घेण्यात यावा, चौदा वृद्धांनी खोटे का सांगितले हे वरील मजकुरावरून समजून घेण्यात यावे, आणि प्रमाणपत्र दि. ३१ पूर्वी देण्यात यावे. आपल्या कार्यालयाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. कोणी तिच्याशी वाईट बोललेले नाही. तेच तिला अधिक अवघड जात आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपली नम्र,
(सही) रिग्झिन चोडोन
दि. ११ जुलै

सोबत : नोंदवहीची नक्कल, शाळेचा दाखला, मठाचे पत्र व भाषांतर, निवडपत्र, फोटो दोन.

---

पुरवणी अर्ज

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, आंबेझरी.

विषय : दि. ११ जुलैचा अर्ज मागे घेणेबाबत.

महोदय,

दि. ९ पासून अर्जदाराची आई घराबाहेर पडली नाही. ताप नाही. रक्तदाब रोज दोनदा पाहिला, नेहमीचा आहे. रक्ताच्या तपासण्या केल्या, त्यांत काही नाही. अर्जदार परिचारिका आहे, तिला आजार सापडत नाही. आईला विचारले तर ती शांतपणे म्हणाली, "मला काही होत नाहीये. मी फक्त वाट बघतेय. तीनदा सांगितलं मी त्याला, अक्षर अक्षर करून." हिवाळ्याचा माल कोणाकडून उचलायचा, कोणते दुकान उधारीवर देते, हे तिने अर्जदाराला सावकाश समजावून दिले. जेवण बंद झाले. मरणाला नाव-गाव कळते यावर अर्जदाराचा विश्वास नाही. आईचा आहे, आणि जेवण आईचे बंद झाले होते.

दि. १७ रोजी अर्जदार स्वतः मठात गेली. लामांनी विचारले, "पुन्हा नाव बदलायचं? कागदांचं काय करशील? एकदा माझ्या पत्रानेच तुझं वाटोळं झालंय." अर्जदार म्हणाली, "कागद राहू द्या." दि. १८ रोजी सर्व विधी झाला. जाम्पेल आजोबांना आता तिठ्यापर्यंत चालवत नाही, म्हणून बाहुली अर्जदाराने नेली. घरी आल्यावर आईने दोन वाट्या थुक्पा खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली.

आज दि. २० रोजी आपल्या कार्यालयाचे, छेतेन युडोन यांच्या नावाचे पत्र घेऊन पोस्टमन आला. पाकीट उघडे होते, म्हणून वाचता आले. पाचव्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन छेतेन युडोन यांचा जबाब दि. २५ रोजी स्वतः साहेब नोंदवतील आणि प्रमाणपत्र त्याच दिवशी देण्यात येईल, असे त्यात आहे. श्री. हत्तीमारे खरे सांगत होते. साहेब वाचतात.

पोस्टमनने विचारले, "छेतेन बाई आहेत का?" आई दारातच लोकर उलगडत बसली होती. तिने मान वर केली नाही. अर्जदाराने सांगितले की या नावाचे कोणी इथे राहत नाही. त्याने पाकिटावर तसा शेरा मारला आणि ते परत नेले. ते आपणास मिळेल.

सबब, प्रकरण बंद करण्यात यावे. निवड रद्द झाल्यास अर्जदाराची हरकत नाही. सही न झालेल्या जबाबाचा कागद फाइलमध्ये असल्यास तो नष्ट करावा, एवढी एकच विनंती शिल्लक आहे.

अर्जदाराच्या आईचे सध्याचे नाव या कार्यालयास कळविण्यात येणार नाही.

कळावे,
(सही) रिग्झिन चोडोन
दि. २० जुलै

सोबत : काही नाही.